खिरापत ओळखणारी पेटी

अनुपमाच्या घरात कुकरलासुद्धा मोकळेपणानं शिट्टी मारता येत नसे. ओट्यावरच्या फळीवर एक पेटी कान टवकारून बसलेली असायची. ती शिट्ट्या मोजायची आणि वरण शिजलं की अनुपमाच्याच आवाजात ओरडायची, "गॅस बंद करा!" गच्चीवरच्या तुळशीची माती सुकली की दुसरी पेटी आपणहून पाणी सोडायची. तिसरी पेटी फाटकावर कोण आलंय ते सांगायची, बहुतेक वेळा चुकीचं. "आता माझ्यावरही एक पेटी बसव म्हणजे झालं," असं तिचा नवरा चिंतामण म्हणायचा. वकील माणूस, पण या घरात त्याच्या अर्जाला कधी तारीखच मिळाली नव्हती.

अनुपमा अकोल्यात एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. मुलगा ईशान पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याचं रास्पबेरी पाय टेबलाच्या खणात पडून राहिलं होतं. पत्त्याच्या पानाएवढं हिरवं बोर्ड, मोबाइलच्या चार्जरवर चालणारं, पण आत पुरता कॉम्प्युटर. घर सुनं झालं होतं, सुट्टीत वेळ जाता जात नव्हता, म्हणून तिनं ते सहज उचललं, आणि मग काय विचारता! लोकांच्या घरी पाहुण्यापुढं आधी पाणी येतं, हिच्याकडे आधी वायरी यायच्या. सगळी कॉलनी तिला म्याडम म्हणायची आणि जरा वचकून असायची. तिला ते आवडायचं. नव्हतं आवडत असं कशाला म्हणा.

आता भुलाबाईचं ऐका. भादव्याच्या पुनवेला मातीचे भुलोजी आणि भुलाबाई पाटावर बसले की कोजागिरीपर्यंत कॉलनीतल्या पोरी आणि बाया रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जमायच्या. गाणी व्हायची, टिपऱ्या व्हायच्या, आणि शेवटी जिची पाळी असेल ती झाकण लावलेला डबा आणून वाजवायची. आत खिरापत काय आहे ते बाकीच्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं. नाही आलं ओळखता तर म्हणायचं, "हरलो वं बाई!" मग झाकण उघडायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. खेळ एवढाच. पण त्यात एक न सांगितलेली रीत होती, आणि इतकी वर्षं त्यात नाचूनसुद्धा ती अनुपमाच्या कधी ध्यानात आली नव्हती.

तिच्या ध्यानात भलतंच आलं. आवाजावरून ओळखायचं, म्हणजे हे तर कॉम्प्युटरचंच काम! झालं. सगळा श्रावण तिनं डबे वाजवण्यात घालवला. आज फुटाणे, उद्या शंकरपाळे, परवा चकल्या. डब्यात भरायचं, माइकपुढं खुळखुळवायचं, आवाज साठवायचा, अर्धा डबा रिकामा करून पुन्हा खुळखुळवायचं. शेजाऱ्यांना वाटलं म्याडमनी घरी भजनी मंडळ काढलं. वाजवून झालेला माल चिंतामणच्या पोटात जायचा, त्याची मात्र यंदा काही तक्रार नव्हती. शेवटी बोर्ड, माइक आणि जुन्या रेडिओतला स्पीकर असं सगळं तिनं बिस्किटाच्या पत्र्याच्या खोक्यात बसवलं. पुढं डबा वाजवला की खोकं क्षणभर गप्प राहायचं आणि मग ठणठणीत बोलायचं, "चकली. ब्याण्णव टक्के."

पहिले काही दिवस धमाल उडाली. पोरी पेटीभोवती गराडा घालायच्या. सगळ्यांत पुढं आचल, दामिनीची चौथीतली पोरगी. "काकू, हिले कान कुठी आहेत? हे आपलं बोलनंबी ऐकते का?" तिचे प्रश्न संपता संपायचे नाहीत, आणि अनुपमाला तिला झाकण उघडून आतलं दाखवताना घरात पोर असल्यासारखं वाटायचं. फक्त शेजारच्या गोदाबाई एकदा म्हणाल्या, "पेटीच ओळखते त पोरी काय करतीन वं म्याडम?"

"आजी, पेटी चुकते का ते पकडायचं पोरींनी."

"अवं, पन या खेळात जितन्याची घाई नसते करत," म्हातारी म्हणाली. अनुपमा हसली. आजींना सगळ्या नव्या गोष्टींचं वावडंच, असं तिनं मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

दामिनीची पाळी आली ती त्या आठवड्यात. ती कॉलनीत नवीनच होती, मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत राहायची. पातूरकडच्या शेतकरी घरातली लेक. नवरा दालमिलमध्ये होता, ती मिल बंद पडली, तेव्हापासून तो मिळेल त्याची गाडी चालवायचा आणि ही कॉलनीतल्या बायांचे ब्लाउज शिवायची. बाया तिच्या घरी जायच्या, पण मापं द्यायला. भुलाबाईची पाळी घेणं म्हणजे आता मापं द्यायला नाही, खेळायला या, असं सगळ्यांना सांगणं होतं. आचलनं तर दिवसभर दारोदार फिरून आवतण दिलं होतं.

नेमकी त्याच दिवशी अमरावतीहून प्राजक्ता आली. प्राजक्ता अनुपमाची कॉलेजातली मैत्रीण. अमरावतीला ती असल्या हौशी लोकांचा मेळावा भरवायची. छोट्या कॉम्प्युटरवर कोणी कबुतरं हाकलणारं बुजगावणं केलेलं, कोणी चिखलदऱ्याच्या कॉफीसाठी पाणी नेमकं तापवणारी किटली. यंदाच्या मेळाव्यात मध्यभागी कुणाची वस्तू ठेवायची हे ठरायचं होतं, आणि पेटी बघून तिला त्याच रात्रीच्या बसनं परतायचं होतं. म्हणून अनुपमा एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात मैत्रीण धरून दामिनीच्या घरी पोचली.

खोली लख्ख झाडलेली. शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवून त्यावर चादर टाकलेली. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून त्याखाली भुलाबाई बसवलेली, पुढं रांगोळी. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. मग दामिनी नव्या खणात बांधलेला डबा घेऊन आली आणि लाजत लाजत तिनं तो वाजवला.

"ओळखा!"

हलकी, कोरडी सळसळ झाली. आता मुरमुऱ्यांचा आवाज वऱ्हाडात कुणाला ओळखू येत नाही? पाळण्यातलं पोरगंही सांगेल. पण गोदाबाईंनी कानामागं हात धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "बालुशाही असन."

"नाही!" दामिनी म्हणाली.

"अनारसे!" दुसरी बाई ओरडली. "मी सांगतो, अनारसेच!"

"नाही!"

"खव्याच्या करंज्या हायेत वं, वजन पाय ना डब्याले किती आहे ते!"

"नाही, नाही, नाही!" आचल एका पायावर उड्या मारत होती. "कोनालेच येऊन नाही राहिलं! माय, कोनालेच येऊन नाही राहिलं!" आणि दामिनीचा चेहरा असा फुलला होता की ती त्या खोलीत पहिल्यांदा मालकीण दिसत होती.

अनुपमा मात्र मनातल्या मनात कपाळ बडवत होती. बालुशाही कधी सळसळते का? काय अडाणी बाया आहेत या! आणि प्राजक्ता मोबाइल धरून हे सगळं टिपत होती. ती काय म्हणेल, अकोल्याच्या बाया अशा? अनुपमानं पेटी पुढं सरकवली. "थांबा, आता आपण पेटीला विचारू."

गोदाबाईंनी तिचं मनगट धरलं. "राहू दे माय. चालू दे त्यायचं."

"एकच मिनिट आजी, प्राजक्ताला बस गाठायची आहे."

दामिनी डबा छातीशी धरून उभी राहिली. पण आचलला कोण धरणार? तिची लाडकी पेटी आणि तिच्या मायचा डबा! तिनं डबा ओढून घेतला, माइकपाशी नेला आणि जीव लावून वाजवला.

"मुरमुरे," पेटी बोलली. "सत्त्याण्णव टक्के."

"कमाल!" प्राजक्तानं टाळी वाजवली. ती एकटीचीच वाजली. आचलला वाटलं पेटी चुकली असावी, तिनं पुन्हा जोरात डबा वाजवला.

"मुरमुरे. अठ्ठ्याण्णव टक्के."

एवढ्यावर थांबावं की नाही? पण हात दाखवून अवलक्षण करायचंच असलं की माणसाची जीभ थांबत नाही. अनुपमा प्राजक्ताकडे बघून म्हणाली, "आत फल्लीदाणे असते ना, तर तेही सांगितलं असतं हिनं. नुसतेच आहेत. हो ना गं दामिनी?"

"हो म्याडम," दामिनी म्हणाली. "नुसतेच हायेत."

तिनं खण सोडला आणि झाकण उघडलं. बायांनी एकदम गलका केला, काय खमंग फोडणी, काय कुरकुरीत, आमच्याकडे कधी असे होतच नाहीत. दामिनी वाटत राहिली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. आचल डब्याकडे आणि मायकडे आळीपाळीनं बघत होती.

निघताना फाटकापाशी गोदाबाईंनी अनुपमाला गाठलं. प्राजक्ता पुढं गेली होती. "म्याडम, झाकली मूठ सव्वा लाखाची असते वं," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "काय वाटलं तुमाले, आमाले मुरमुरे समजत नाही? तिची मूठ तुमी चारचौघीत उघडली." आणि ती काठी टेकत निघून गेली.

अनुपमा तिथंच उभी राहिली. आधी तिला राग आला, की मग मला कुणी सांगितलं का नाही. आणि मग मनगटावर म्हातारीची बोटं आठवली.

प्राजक्तानं बसमधूनच व्हिडिओ मेळाव्याच्या ग्रुपवर टाकला. टाळ्यांची चित्रं, 'वा म्याडम', 'यंदा मध्यभागी हीच', असा पाऊस पडला. अनुपमानं व्हिडिओ उघडला. पेटी मध्यभागी होती आणि कडेला दामिनी. पेटी बोलायच्या आधीचा दामिनीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा, दोन्ही त्यात होते. गोदाबाई 'बालुशाही' म्हणताना शेजारणीकडे बघून डोळा मिचकावतात, तेही होतं. सगळ्या बाया हसू दाबत होत्या, एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, एकीपेक्षा एक भारी पदार्थ त्या डब्यात आपल्या तोंडानं भरत होत्या. अडाणी कोण होतं ते आता दिसत होतं. अनुपमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं फोन उशीखाली सारला, तरी तो मुरमुऱ्यांचा आवाज कानातून जाईना.

"अगं, तू काही मुद्दाम नाही केलंस," चिंतामण म्हणाला.

"त्या बाया मुद्दाम करत होत्या," ती म्हणाली. "तेच तर."

त्यानंतर दामिनी खेळायला आली नाही. आचलही आली नाही. अनुपमानं प्राजक्ताला फोन करून व्हिडिओ काढायला लावला, मेळाव्यातून नाव मागं घेतलं. मग एक दिवस ब्लाउजपीस घेऊन ती दामिनीकडे गेली. ब्लाउज हा बहाणा होता हे दोघींनाही माहीत होतं. दामिनीनं माप घेतलं, चहा टाकला, "कोजागिरीपर्यंत शिवून ठेवतो म्याडम," म्हणाली. सगळं गोड. अनुपमाच्या ओठांवर दहा वेळा शब्द आले. पण म्हणायचं काय? तुमच्या डब्यात मुरमुरेच होते हे मी सांगायला नको होतं, असं? म्हणजे पुन्हा तेच सांगायचं! चहा घशाखाली ढकलून ती परत आली.

आणि जिथं माणसानं सरळ माफी मागायची, तिथं ती कोड लिहायला बसली.

सवयच ती. काही बिघडलं की पेटी उघडायची. तिनं खोक्याच्या मागच्या बाजूला एक बारकं बटन बसवलं. बटन दाबलं की पेटीनं आवाजाचं काही ऐकायचंच नाही, थेट 'अनारसे' म्हणायचं. पेटीच्या तोंडून जे गेलं ते पेटीच्याच तोंडून परत येईल, असा तिचा हिशोब. दामिनीचा मान भरून येईल, आचल उड्या मारेल. बटन बसवून झालं तेव्हा कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

कोजागिरीला सगळ्या जणी गोदाबाईंच्या अंगणात जमल्या. त्या दिवशी प्रत्येकीनं आपापला डबा आणायचा असतो. दामिनी येते की नाही, याकडे सगळ्यांचे डोळे. ती आली. आचलनं तिला पदराला धरून ओढत आणलं होतं. डबा तोच होता, खणही तोच.

अनुपमा पेटी शेजारी घेऊन बसली आणि एकेक डबा वाजू लागला. पोरींनी ओळखलं, पेटीनं ओळखलं, हशा झाला. मग दामिनीची पाळी आली. तिनं डबा वाजवला. तीच कोरडी सळसळ.

"ओळखा."

एका बाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. गोदाबाई पदराचं टोक पिळत बसल्या. आता बालुशाही म्हणावं तरी पंचाईत, मुरमुरे म्हणावं तरी पंचाईत. त्या खेळाचा कणाच मोडला होता, आणि तो कुणी मोडला हे सगळ्यांना ठाऊक होतं. अनुपमानं पदराखालून अंगठा सरकवला आणि बटन दाबलं.

"अनारसे," पेटी म्हणाली. "नव्व्याण्णव टक्के."

"होय वं! अनारसेच!" बायांनी सुटकेचा श्वास टाकून एकच गलका केला.

"नाही!" आचल म्हणाली. पण त्या 'नाही'त उडी नव्हती. तिला पेटीची काळजी वाटत होती. ती धावत येऊन पेटीपाशी उकिडवी बसली. "काकू, हे बिघडली काय? मुरमुरे हायेत. मीच त भरले." तिनं नेहमीसारखं पेटीच्या मागं वाकून पाहिलं. तिथं अनुपमाचा अंगठा होता. आचलनं अंगठ्याकडे पाहिलं, मग वर अनुपमाच्या तोंडाकडे. "तुमी दाबलं," ती म्हणाली.

अनुपमानं अंगठा काढून घेतला. आचल उठून उभी राहिली आणि अंगणातल्या सगळ्या बायांकडे एकेक करून बघू लागली.

"माय," ती म्हणाली, "त्या दिवशी ह्या बालुशाही म्हनत होत्या. ह्यायलेबी ठाऊक होतं?"

दामिनीनं डबा खाली ठेवला. "हो बेटा. ठाऊक होतं सगळ्यायले."

"मंग काहून म्हनत होत्या?"

"लाड करत होत्या आपला," दामिनी म्हणाली. मग ती अनुपमाकडे वळली. आवाज चढवला नाही. "तो लाड होता म्याडम. आपापल्या तोंडानं केलेला. मले समजत नव्हतं का, बालुशाही कशी वाजते ते? मीबी खेळत होतो. फक्त हे एक लेकरू होतं, त्याले खरं वाटत होतं. आता तुमी त पेटीले लाड कराले लावून राहिल्या."

पाय ओढून घ्यावेत, पदर तोंडावर घ्यावा, भुई फाटावी, काय काय वाटलं अनुपमाला. सगळं अंगण बघत होतं. तिनं पेटीची वायर उपटली. "माझं चुकलं, दामिनी," ती म्हणाली. इतके दिवस घशात अडकलेलं वाक्य एवढंसंच होतं. "त्या दिवशीही चुकलं आणि आजही. माफी मागायची लाज वाटली, म्हणून मी ती पेटीत घालून आणली."

दामिनी माफ केलं म्हणाली नाही की नाही केलं म्हणाली नाही. आचलनं डबा उचलला. ती अनुपमाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मंग आता तुमी म्हना," ती म्हणाली, आणि तिच्या कानाशी डबा वाजवला. "ओळखा."

अनुपमानं डोळे मिटले. "बालुशाही," ती कशीबशी म्हणाली.

आता 'नाही' येईल, एका पायावर उडी येईल, म्हणून तिनं डोळे उघडले. आचल स्थिर उभी होती. तिनं अनुपमाचे भरलेले डोळे पाहिले, थोडा वेळ पाहिले, आणि मग आजारी माणसाशी मोठ्या बाया बोलतात तसं हळू म्हणाली, "हो काकू. बालुशाहीच हाये. बरोब्बर ओळखलं तुमी."

तिनं झाकण उघडलं आणि मूठभर मुरमुरे अनुपमापुढं धरले. अनुपमानं ओंजळ केली, पण त्या पोरीकडे मान वर करून बघणं काही तिला जमलं नाही.